पोळ्याचा रंग

धरण व्हायच्या आधी पांगरवाडीत पोहता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तीही विहिरीत पोहणारी. रखमाजी त्यांतला एक. तरुणपणी विहिरीत मुटका मारला की पाणी काठावरच्या माणसांच्या अंगावर उडायचं, एवढीच काय ती त्याची ख्याती. मग धरण झालं. दुधना नदीचं पाणी फुगत फुगत गाव आणि शिवार यांच्या मधे येऊन बसलं. माणसं अलीकडे, त्यांची काळी पलीकडे. रस्त्याने जायचं तर निम्मा दिवस जायचा. शेवटी पंचायतीने परतूरहून एक पत्र्याची होडी करवून आणली. होडी आली, पण ती चालवणार कोण? सगळं गाव कुणबाऊ. बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याचं दुखणं सांगतील, पण वल्हं कोणत्या हातात धरायचं ते कोणाला ठाऊक? कोणीतरी म्हणालं, रखमाजीला पोहता येतं की. झालं, रखमाजी नावाडी झाला. पडता येतं म्हणून माणसाला झाडावर चढवावं तसलाच हा न्याय, पण गावाला तो पटला आणि रखमाजीलाही पटला.

गाव होडीकडे बघायचं तेही बैलासारखंच. जे शेतात नेतं ते जनावर, असा हिशेब. त्यामुळे पोळ्याला बैलांबरोबर होडीही धुवायची, तिच्या टोकाला गोंडा बांधायचा, पुरणपोळीचा घास दाखवायचा आणि शिंगं रंगवून उरलेला रंग तिच्या अंगाला फासायचा. एका वर्षी हिरवा, एका वर्षी पिवळा, कधी लाल. जुना रंग खरवडून मग नवा द्यावा, हे कोणाला सुचलं नाही असं नाही. रखमाजीच एकदा बोलला होता. तेव्हा अप्पाराव, गावाचे कारभारी, पान चघळत म्हणाले होते, "पोळ्याच्या दिवशी जनावराला ओरखडा काढतेत का रे? काहीतरी बोलून राह्यला." सगळे हसले. रखमाजीही हसला. रंगावर रंग चढत गेला, आणि त्याच्याखाली पत्र्याचं काय चाललंय ते पत्र्यालाच ठाऊक.

रखमाजीला एकच मुलगा, भारत. हुशार, हाताचा चलाख. शेतीत त्याचं मन रमेना, म्हणून त्याने वाटूरला फाट्यावर दुकान टाकलं. ठोकर लागलेल्या मोटारींचा पत्रा सरळ करायचा, खळगे राखाडी लुकणाने भरायचे, वरून फवाऱ्याने रंग मारायचा. लुकण आणि रंग लागला की गाडीला कधी काही झालं होतं हे सांगून पटायचं नाही. गावात त्याचा शब्द चालायचा. पत्र्याचं काही असलं की लोक भारतला विचारत.

भारतची बायको शीतल. लग्न होऊन आली तेव्हा तिने एवढं पाणी कधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा होडीत बसली आणि सासऱ्याच्या उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरून डोळे मिटून घेतले. बाया फिदीफिदी हसल्या. रखमाजी म्हणाला, "धर पोरी, धर. उपरणं फाटलं तर दुसरं घेऊ." पुढे भीती मोडली, पण बसायची जागा तिने बदलली नाही. सासऱ्याच्या पायाशी, मागच्या बाजूला. हातात एक पत्र्याचा डबा, आणि होडीत पाणी आलं की ते उपसून टाकायचं काम तिने आपणहून घेतलेलं. गेल्या पोळ्याच्या आधी तीच म्हणाली होती, "मामा, माझ्या बुडाखाली ओलं लागून राह्यलं रोज. खालून येतंय वाटतं पाणी."

रखमाजीने भारतला सांगितलं. भारत म्हणाला, वेल्डिंग करावी लागेल, होडी वाटूरला पाठवा. ट्रॅक्टरमधून होडी गेली आणि पोळ्याच्या सकाळी परत आली ती निळीशार, मोटारीसारखी चकाकत. गाव बघत राहिलं. भारत सगळ्यांदेखत म्हणाला, "बिलकुल नवीन करून आणली. बूड वेल्डिंगनं पक्कं केलं. आता धा वर्ष बघायचं काम न्हाई." अप्पारावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. रखमाजीची छाती त्या दिवशी उपरण्यात मावत नव्हती.

दिवाळीच्या आगेमागे, कापूस वेचायच्या दिवसांत, भर पाण्यात होडी भरली. एकाएकी. रखमाजीला पावलांखाली गार पाणी लागलं आणि पुढच्या चार वल्ह्यांत ते गुडघ्याला आलं. शीतल धरून चार बाया होत्या. टोक खाली गेलं, होडी कलंडली आणि सगळे पाण्यात. रखमाजीने एकीला धरलं, पाण्यातून वर आलेल्या एका बाभळीच्या खुंटाला नेऊन लावलं. परत गेला, दुसरी. परत गेला, तिसरी. ती गावातल्या वसंताची बायको. चौथ्यांदा गेला तेव्हा शीतल तिथे नव्हती. परक्यांच्या लेकी आपल्या भरवशावर बसलेल्या, त्या आधी काढायच्या, आपली धीर धरील, असा त्याने पाण्यात विचार केला होता. विचार केला होता असं तरी कसं म्हणायचं. हात तिकडे गेले. पण पुढे हाच जाब त्याला रोज द्यावा लागला.

भारत दहाव्याच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "लोकांच्या बाया काढल्या अन् माझी ठेवली." त्यानंतर तो बापाशी बोलला नाही. रखमाजीचं अंथरूण गोठ्यात आलं. चतुराबाई, त्याची बायको, दोन वेळ भाकर आणून दावणीच्या कठड्यावर ठेवायची आणि तिथे थांबायची नाही, कारण लेकाला आवडत नव्हतं. नात आकांक्षा, जी आजोबाच्या मांडीवरच जेवायची, तिला गोठ्याकडे जायची बंदी झाली. शहाण्याने घर सोडून जावं, पण या वयात जायचं कुठे? आणि त्याला जायचंच नव्हतं. त्याला परत आत यायचं होतं. पोरीने येऊन मांडीवर बसावं, एवढं एकच मागणं उरलं होतं त्याचं.

गावाने निकाल कधीच दिला होता. म्हाताऱ्याने होडी खुंटावर घातली. भारतने एवढी पक्की करून दिलेली होडी दोन महिन्यांत बुडते म्हणजे काय? शिवाय रखमाजी एके काळी प्यायचा. सोडून जमाना झाला होता, पण माणसाने दारू सोडली तरी गाव त्याची दारू सोडत नाही. सगळ्यांत मोठ्याने बोलायचा तो वसंता. ज्याची बायको जिवंत होती, तो.

रखमाजी एकच सांगत राहिला, "खालून पाणी आलं. धक्का बसला न्हाई." कोणी ऐकलं नाही. मग तोही थांबला. माणूस एकटाच खरं बोलत राहिला की काही दिवसांनी त्याचं त्यालाच खोटं वाटू लागतं. लागला असेल खुंट, असं त्याला कधी कधी वाटायचं, आणि त्या दिवशी भाकर तशीच राहायची.

उन्हाळ्यात पाणी हटलं आणि होडी गाळात रुतलेली दिसली. ट्रॅक्टर लावून ओढली, मारुतीच्या पारापाशी आणून पालथी घातली. टोकाला हा एवढा पोचा. वसंता म्हणाला, "हा बघा खुंट." बैठक बसली. पेरणीच्या आत होडी पाण्यात पाहिजे, नवी घ्यायची ऐपत नाही. तेव्हा भारत उठून उभा राहिला.

"कशाला ती अवदसा परत पाण्यात घालता? जालन्याला भट्टीत द्या. वितळू द्या."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. पोराचं दुःख, दुसरं काय. पण अप्पाराव म्हणाले, शेतं काय भट्टीत पेरायची का? यंदा रंग सगळा खरवडायचा, पत्रा बघायचा, मगच पाण्यात. भारत लगेच म्हणाला, "मंग मी करतो. मशीन आणतो, एका दिवसात घासून देतो."

रखमाजी पाराच्या खाली बसला होता. पोराला आपली दया आली, असं त्याला वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

"तू कामून?" अप्पाराव म्हणाले. "ज्यानं बुडवली त्यानं घासायची. अन् मशीन न्हाई. हातानं. दिसू द्या गावाला."

भारत खाली बसला.

मग रखमाजीचं काम सुरू झालं. रंग खरवडायची रंगाऱ्याची पत्री, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरचे चौकोन. वर वैशाखाचं ऊन, खाली तापलेला पत्रा. गावात करमणुकीला दुसरं काही नव्हतं. येणारा-जाणारा थांबायचा. "काय रखमाजी, सुनेचं तोंड दिसलं का पत्र्यात?" असं म्हणणारेही निघाले, आणि हे बोलणारी माणसं संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होती. वसंता तर येता-जाता खरवडलेल्या रंगाच्या खपल्या पायाने उडवायचा आणि म्हणायचा, "जरा जोर लाव. बायाला वढायला लावला तसा." रखमाजी मान वर करायचा नाही. बोटांची कातडी आधी लाल झाली, मग निघाली. चतुराबाईने हळद-तेलाची वाटी भाकरीशेजारी ठेवली आणि नेहमीसारखीच न बोलता गेली.

निळा रंग चिवट होता, मोटारीचा. तो निघाला की खाली मधल्या वर्षांचे थर, मग केशरी. शीतल लग्न होऊन आली त्या पोळ्याचा. त्याच्याखाली हिरवा, चतुराबाईचं दुखणं काढलं त्या वर्षीचा. मग पिवळा, भारतने दुकान टाकलं तेव्हाचा. दर पोळ्याला आपण हातात चिंधी घेऊन हे रंग फासले होते आणि दर वेळी वाटलं होतं, होडी नवी झाली. रखमाजीला हसू आलं, आणि हसताना कोणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून त्याने तोंड फिरवलं.

टोकाचा पोचा त्याने पहिल्यांदा साफ केला. बोटाने चाचपला, पाणी ओतून बघितलं. पत्रा आत दबला होता, पण फाटला नव्हता. एक थेंब पलीकडे जात नव्हता. म्हणजे खुंटाने बुडवली नव्हती. बुडताना तळाला आपटून आलेला पोचा होता तो. मग पाणी आलं कुठून? त्या दिवसापासून त्याचा हात वेगळाच चालू लागला. गाव समजलं, म्हातारा शुद्धीवर आला, आता मन लावून प्रायश्चित्त करतोय.

मागच्या बाजूला, जिथे शीतल बसायची त्याच्या बरोबर खाली, गाळाचं वाळलेलं ढेकूळ घट्ट चिकटलं होतं. ते निघाल्यावर पत्रीचं टोक सरकन आत गेलं. तळव्याएवढं भोक. रखमाजीने काठ साफ केले. इथे वेल्डिंग असायला हवी होती. वेल्डिंगची खवल्यांसारखी शिवण कशी असते ते त्याला माहीत होतं, होडीच्या सांध्यांवर ती होतीच. इथे शिवण नव्हती. ठिगळ नव्हतं. होतं ते राखाडी लुकण, बोटभर जाड, कडेने अजून चिकटलेलं. मधलं पाण्याने फुगून गळून गेलेलं. आणि लुकणाच्या खाली हिरवा, पिवळा, सगळे रंग जसेच्या तसे. कोणी साधा खरवडलाही नव्हता.

वेल्डिंग करायची तर आधी जुने रंग काढावे लागतात. पोळा उद्यावर आलेला, ट्रॅक्टरवाला दारात उभा. भारतने हात फिरवला, लुकण भरलं, वरून निळा फवारा मारला. मोटारीचं करतो तसं. मोटार पाण्यावर चालत नाही, एवढंच तो विसरला. आणि त्या लुकणावर आपल्याच बायकोला बसवलं.

रखमाजीला राग आला. इतका आला की पत्री घेऊन वाटूरला जावं आणि सगळ्या फाट्याला ओरडून सांगावं असं वाटलं. पोराला ठाऊक होतं. भट्टीत द्या म्हणाला ते ठाऊक होतं म्हणून. मशीन आणतो म्हणाला तीही दया नव्हती. सगळ्या दिवसांत एकदा दया आल्यासारखी वाटली होती, तीही खोटी निघाली, याचंच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

पण मग आकांक्षा डोळ्यांपुढे आली. तिची आई गेली. आता गाव तिच्या बापाला खुनी म्हणणार, पोलीस येणार, दुकान बसणार. पोरगी कोणाच्या दारात उभी राहायची?

लुकण काढलं तर मागे उरतो तो गंज. भोकाचे काठ गंजून पापडासारखे झालेच होते. गंजाने खाल्लं म्हटलं की कोणाचाच दोष नाही. ना बापाचा, ना लेकाचा. गावानेच वर्षानुवर्षं रंगावर रंग फासला, दोष असला तर त्याचा. पत्र्याचं जाणकार माणूस गावात एकच, भारत. त्याने फक्त एवढं म्हणायचं, गंज. बस. मग दोघंही सुटले, आणि म्हातारा घरात.

रखमाजीने पत्री उचलली आणि लुकण उकरायला लागला. खडे निघाले ते उपरण्यात बांधून पाण्यात टाकून आला. उरलेलं पॉलिश पेपरने घासलं. काठाचा पत्रा बोटात घुसला, रक्त पत्र्यावर सांडलं, तेही त्याने घासलं. नजरेला राखाडी काही राहू दिलं नाही. आयुष्यात एवढं मन लावून त्याने दुसरं काम केलं नव्हतं. आणि हे काम आपल्याच साक्षीवर पाणी सोडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघायला आलं. होडी उघडी, करडी, रंगाचा ठिपका नाही. अप्पाराव फिरत फिरत मागे आले आणि थबकले.

"हे काय?"

अप्पारावांनी हाक मारली, "भारत, बघ रे. तू वेल्डिंग केल्ती ती इथंच ना?"

भारत पुढे आला. गुडघ्यावर बसला. भोकाच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, मग परत. एका खाचेत राखाडी चिमूट राहिली होती. रखमाजीच्या नजरेतून सुटलेली, पण हे बोट ओळखणार होतं. भारतने ती नखाने काढली, चिमटीत चोळली, पँटीला पुसली. मग मान वर करून बापाकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी सरळ बघितलं. रखमाजीने मान हलवली, थोडी, कोणाला दिसणार नाही एवढी. मला ठाऊक आहे, कोणाला सांगणार नाही, तू फक्त गंज म्हण. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सगळं त्याने सांगितलं.

भारत उभा राहिला. गंज म्हणायचा तर पुढचा प्रश्न येणार होता, मग तू पक्की केली ती काय? हे रखमाजीच्या ध्यानात आलं नव्हतं. भारतच्या आलं. सांगितलं ना, हुशार होता.

"वेल्डिंग बराबर होती माझी," तो म्हणाला. "ह्यानं घासून घासून पत्रा पातळ केला. हे भोक ह्यानंच पाडलं."

मग वसंता हसला. "खुंटाचं जमलं न्हाई तर भोक पाडलं. म्हणजे होडीच खराब व्हती म्हणायला मोकळा." आणि सगळ्यांना ते पटलं. इतकं सहज पटलं की जणू सगळे तेच ऐकायला आले होते. अप्पाराव रखमाजीजवळ आले, त्याच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "आरं, मेलेल्या पोरीची तरी लाज धरायची." आणि त्याच्या पायाशी थुंकले.

रखमाजीने तोंड उघडलं. लुकण पाण्यात होतं. त्याने तोंड मिटलं.

होडी जालन्याला भट्टीत गेली, भारत म्हणाला होता तशीच. गावाने वर्गणी करून दुसरी आणली आणि नावाडी म्हणून वसंता बसला. त्याला पोहताही येत नाही, पण तो खुंटावर घालणार नाही अशी गावाची खात्री आहे.

यंदाच्या पोळ्याला ती होडी लाल रंगवली. संध्याकाळी भारत बैल घेऊन घरी आला. चतुराबाईने त्यांना ओवाळलं, आणि आकांक्षा नैवेद्याचं ताट घेऊन बापाच्या मागोमाग गोठ्यात आली. किती उंच झाली होती. रखमाजी कोपऱ्यात अंथरुणावर उठून बसला, आणि सवयीने मांडी घातली. पोरीने एका बैलाला पुरणपोळी भरवली, दुसऱ्याला भरवली. गायीच्या वासराला अर्धी दिली. ताटात एक उरली. ती कोपऱ्याकडे बघत राहिली.

"पप्पा, आजोबाला?"

भारतने ताट तिच्या हातातून घेतलं आणि उरलेली पोळी परत बैलापुढे टाकली.

"चल," तो म्हणाला. "त्यानं तुझी माय बुडवली."

पोरगी गेली. रखमाजी तशीच मांडी घालून बसला होता.